राखणीच्या कुत्र्याची भाषा ओळखा

कोकणातील घर म्हटले की खळे, गोठा, चार माड आणि पायरीशी पडलेले एखादे गावठी कुत्रे हे ठरलेलेच असते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या अलीकडे असलेल्या रेडीसारख्या गावात वाड्या विखुरलेल्या आहेत. घराला लागून काजू-आंब्याची बाग आणि बागेला लागून रान. फेब्रुवारी ते मे या काळात काजूची बी झाडाखाली पडू लागली, आंबा तयार होऊ लागला की वानर, रानडुक्कर आणि भुरटे चोर या तिघांवरही लक्ष ठेवावे लागते. गडगा आणि कुंपण जिथे अपुरे पडते, तिथे कुत्रे उपयोगी पडते.

असे असले तरी, गाय रवंथ करेनाशी झाली की ताबडतोब ओळखणारा शेतकरी कुत्र्याच्या वागण्याकडे मात्र फारसे पाहत नाही. त्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे राखण नीट होत नाही. दुसरे आणि अधिक गंभीर म्हणजे घरातल्या किंवा शेजारच्या मुलाला चावा बसतो आणि ‘कुत्रे अचानक चावले’ असे सांगितले जाते. खरे पाहता बहुतेक वेळा चावण्यापूर्वी कुत्र्याने सूचना दिलेली असते. ती आपल्याला वाचता येत नाही, एवढेच. या लेखात ही भाषा कशी ओळखावी आणि तिचा उपयोग कसा करावा याची माहिती दिली आहे.

कुत्रे कशाने बोलते?

कुत्र्याची भाषा तीन प्रकारची असते. वास, शरीराची ठेवण आणि आवाज. आपले लक्ष फक्त आवाजाकडे असते. कुत्र्यांच्या आपसातील व्यवहारात मात्र पहिल्या दोन प्रकारांना जास्त महत्त्व आहे.

(अ) वास : गडग्याच्या कोपऱ्यावर, माडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या खांबावर कुत्रे थोडे थोडे मूत्र सोडते. ही एक प्रकारची चिठ्ठीच असते. दुसरे कुत्रे ती हुंगून हे नर की मादी, मादी माजावर आहे का, ओळखीचे की परके, हे समजून घेते. टाळूच्या वर असलेले एक खास इंद्रिय त्यासाठी उपयोगी पडते. शौचानंतर काही कुत्री मागच्या पायांनी माती उकरतात, तेही खूण ठेवण्यासाठीच. म्हणून राखणीच्या कुत्र्याला दिवसातून एकदा तरी बागेच्या हद्दीवरून फिरवून आणावे व हुंगण्यास वेळ द्यावा. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला आपल्या बागेची हद्दच समजत नाही. असे कुत्रे कंटाळून विनाकारण भुंकू लागते.

(आ) शरीराची ठेवण : चार्ल्स डार्विन याने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले आहे. चिडलेले कुत्रे ताठ व मोठे दिसते, तर नम्र झालेले कुत्रे वाकलेले व लहान दिसते. दोन्ही ठेवणी एकमेकींच्या अगदी उलट असतात. पाहताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) शेपटी : शेपटी हलली म्हणजे कुत्रे खूश आहे, हा समज पूर्णपणे बरोबर नाही. शेपटी मध्यावर, सैल आणि कमरेसकट हलत असेल तर मैत्री समजावी. शेपटी उंच, ताठ व फक्त टोकाशी भरभर हलत असेल तर कुत्रे उत्तेजित आहे. जवळ जाऊ नये. पायात घातलेली शेपटी भीती दाखवते. इटलीतील बारी येथील शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकून हलते, तर अनोळखी दांडगे कुत्रे दिसल्यावर डावीकडे जास्त झुकते.
२) कान : पुढे रोखलेले कान लक्ष वेधल्याचे, तर मागे चिकटवलेले कान भीतीचे लक्षण असते.
३) डोळे : एकटक रोखलेली नजर म्हणजे आव्हान. मान वळवून तिरप्या नजरेने पाहताना डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर कुत्रे अवघडले आहे असे समजावे.
४) तोंड : तोंड सैल उघडे असेल तर कुत्रे निवांत आहे. तोंड एकदम बंद करून अंग आखडले तर सावध व्हावे. ओठ वर ओढून दात दाखवणे ही उघड धमकी होय.
५) पाठीवरचे केस : केस उभे राहणे म्हणजे उत्तेजना. ती रागाची असेल किंवा भीतीचीही असेल.

यातील एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. संपूर्ण कुत्रे आणि आजूबाजूची परिस्थिती एकत्र पाहावी.

(इ) आवाज : भुंकण्याचे प्रकार थोड्या सरावाने ओळखता येतात. जाड, खालच्या पट्टीतले व लागोपाठ भुंकणे हे परका माणूस किंवा जनावर आल्याची सूचना असते. बारीक, उंच आवाजात, थांबून थांबून भुंकणारे कुत्रे बहुधा एकटे पडलेले किंवा अडकलेले असते. हंगेरीतील संशोधकांनी मेंढ्या राखणाऱ्या ‘मुडी’ जातीच्या कुत्र्यांचे भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रे पाळलेले नव्हते, त्यांनाही ते भुंकणे रागाचे, खेळाचे की एकटेपणाचे, हे बऱ्याच अंशी ओळखता आले.

कुत्री एकमेकांशी कशी वागतात?

दोन समजूतदार कुत्री सरळ तोंडासमोर येत नाहीत. थोडे वळण घेऊन, बाजूने येऊन शेपटीकडचा भाग हुंगतात. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलला तर ते खेळाचे आमंत्रण असते. त्यानंतरचे धावणे व खोटे चावणे हे भांडण नव्हे. पाठीवर पडून पोट दाखवणारे कुत्रे ‘मला भांडायचे नाही’ असे सांगत असते. दुसरे कुत्रेही बहुधा तेवढ्यावर माघार घेते.

भाद्रपद महिन्याच्या सुमारास कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. माजावर आलेल्या मादीच्या वासाने दूरचे नरही जमा होतात व मारामाऱ्या होतात. या दिवसांत टोळीजवळून मुलांना एकटे पाठवू नये. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पुढे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले दिसू लागतात. पिल्लांजवळची मादी एरवी कितीही गरीब असली, तरी तिच्यापासून लांब राहावे.

कुत्रे माणसाला किती समजते?

कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) डॉ. अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांवर संशोधन करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १६० भटक्या कुत्र्यांसमोर झाकलेली दोन भांडी ठेवून एका भांड्याकडे हाताने खूण करण्यात आली. जवळपास निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली, त्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री दाखवलेल्या भांड्याकडे गेली. या कुत्र्यांना कोणीही शिकवलेले नव्हते. आपल्या गावठी कुत्र्यालाही हाताची खूण समजते, हा त्याचा अर्थ. म्हणून शिकवताना दोनचार ठरावीक शब्द आणि प्रत्येक शब्दाला एकच खूण वापरावी. घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. एकाने ‘बस’ आणि दुसऱ्याने ‘खाली’ म्हटले तर कुत्रे गोंधळते.

आपल्या काही सवयी मात्र कुत्र्याला धमकीसारख्या वाटतात. अंगावर वाकणे, डोळ्यात डोळे घालून पाहणे, गळ्यात हात टाकणे आणि डोक्यावरून हात आणणे या त्या सवयी होत. लहान मुले नेमके हेच करतात. शिवाय मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्याने चावा चेहऱ्यावर बसतो.

चावण्यापूर्वीच्या पायऱ्या

कुत्रे बहुधा पुढील क्रमाने सूचना देते : मान फिरवणे, जांभई देणे व ओठ चाटणे, नंतर दूर सरकणे, मग अंग आखडून स्तब्ध होणे, मग गुरगुरणे व दात दाखवणे, त्यानंतर हवेत चावा आणि शेवटी खरा चावा.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन कुत्रे गुरगुरणे सोडते, पण त्याची भीती जात नाही. असे कुत्रे पुढच्या वेळी सूचना न देता चावते, आणि त्यालाच आपण ‘चोरटे कुत्रे’ म्हणतो. कुत्रे गुरगुरले तर मुलाला बाजूला घ्यावे व कारण शोधावे. जेवणाचे भांडे, हाड, पिल्ले, कानातील जखम किंवा गोचीड अशी कारणे असू शकतात.

परके कुत्रे अंगावर आले तर पळू नये. हात अंगालगत ठेवून, नजर खाली करून स्तब्ध उभे राहावे व ते शांत झाल्यावर हळूहळू मागे सरावे. मुले खाली पडली तर त्यांनी पोटात पाय घेऊन, मान व कान हातांनी झाकून गप्प पडून राहावे. ही गोष्ट मुलांकडून दोनतीन वेळा करवून घ्यावी.

रात्रीची राखण आणि बिबट्या

राखणीचे कुत्रे नेहमीप्रमाणे भुंकत असताना एकाएकी गप्प झाले, शेपटी पायात घालून माजघरात किंवा मांगरात शिरू लागले, तर त्याला काठीने बाहेर हाकलू नये. जवळपास बिबट्या असण्याची शक्यता असते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणून रानालगतच्या बागेत कुत्रे रात्री उघड्यावर बांधू नये. मांगरात किंवा बंद गोठ्यात आसरा द्यावा.

पिल्लाची निवड व सवय

पिल्लू वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे पाहते, हुंगते, ऐकते, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये, कारण किती जोराने चावल्यास दुसऱ्याला दुखते हे ते भावंडांकडूनच शिकते. घरी आणल्यावर मुले, गुरे, कोंबड्या, सायकल व मोटारसायकल यांची हळूहळू ओळख करून द्यावी. या वयात एकटे बांधून ठेवलेले पिल्लू मोठेपणी भित्रे होते, आणि भित्रे कुत्रेच जास्त चावते.

भाषा बदलली तर सावध व्हा

आपल्या कुत्र्याची रोजची भाषा ओळखण्याचा सर्वांत मोठा फायदा हा, की बदललेली भाषा लगेच लक्षात येते. रेबीज झालेल्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचे वागणे आधी बदलते. प्रेमळ कुत्रे काळोखात जाऊन बसते किंवा बुजरे कुत्रे एकदम लगट करू लागते. पुढे आवाज घोगरा होतो, लाळ गळते, दिसेल ते चावते, दिशाहीन धावते. मुक्या प्रकारात मात्र कुत्रे चवताळत नाही. त्याचा खालचा जबडा लोंबतो व गिळता येत नाही. अशा वेळी घशात हाड अडकले असे समजून काही जण तोंडात हात घालतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. गाय किंवा म्हैस घास अडकल्यासारखी करू लागली तरी हाच नियम पाळावा व पशुवैद्यकास बोलवावे. पिसाळलेले कुत्रे पाण्याला घाबरते, हा समजही बरोबर नाही. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१) जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी.
२) चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नये. पट्टी बांधू नये.
३) त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जावे. रक्त आलेले असल्यास लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते.
४) डॉक्टर सांगतील त्या तारखांना लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.
५) चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्यासाठी लस घेण्याचे थांबवू नये.

लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. आधीची लस हाच उपाय. कुत्र्याला तीन महिने वयात पहिली लस, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्धक मात्रा व पुढे दरवर्षी एक लस द्यावी.

खाडीपलीकडचा धडा

रेडीपासून तेरेखोल खाडी ओलांडली की गोवा. तेथे शासन व ‘मिशन रेबीज’ या संस्थेने मिळून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्यापर्यंत मजल मारली. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याच्या खुणा व चाव्यानंतरची काळजी शिकवली. कुत्र्यांतील रेबीजचे दरमहा आढळणारे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, आणि २०१८ व २०१९ या दोन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्री मारून हे साधलेले नाही. लस आणि शिक्षण यांनी साधले आहे. वाडीतील १० पैकी किमान ७ कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. त्यात पाळलेली आणि भटकी दोन्ही आली.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वाडीतील सर्व कुत्र्यांची नोंद करून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एकाच दिवशी लसीकरण करून घ्यावे. रोज संध्याकाळी गुरांना वैरण घालताना पाच मिनिटे कुत्र्याकडेही पाहावे. त्याची शेपटी, कान, नजर आणि आवाज नेहमीसारखा आहे ना, हे तपासावे. पाच मिनिटांच्या या सवयीने बागेची राखण चांगली होईल आणि घरातील मुलेही सुरक्षित राहतील.