आम्लता, अंकुर आणि मूळ

बी रुजले म्हणजे जमीन चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. अंकुर फुटणे ही एक क्रिया, रोप वाढणे ही दुसरी. आणि मातीच्या आम्लतेचा परिणाम या दोहोंवर सारखा होत नाही. हा भेद ध्यानात न आल्यास बियाणे, खत आणि हंगाम ही तिन्ही वाया जातात.

आम्लतेचे माप डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली घालून दिले. त्यास पी. एच. अथवा सामू म्हणतात. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक हा दसपटीचा असतो. म्हणून सामू ५ असलेल्या मातीतील आम्लता सामू ७ च्या मातीपेक्षा शंभरपट असते.

बी पाणी शोषून फुगते, त्यातील पाचक द्रव्ये जागी होतात आणि साठलेल्या पिष्टाची साखर होऊन ती भ्रूणास मिळते. या काळात त्यास मातीकडून पाणी, प्राणवायू आणि ऊब एवढेच हवे असते. शिदोरी त्याच्यापाशीच असते. त्यामुळे मध्यम आम्लता त्यास फारशी बाधत नाही. टणक कवचाचे काही बी तर तीव्र गंधकाम्लात थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुतल्यास लवकर रुजते, कारण आम्लाने कवच झिजून पाण्यास वाट मिळते. मात्र हेच आम्ल आतील भ्रूणापर्यंत पोचले तर बी मरते.

शिदोरी संपली की मुळास मातीवर अवलंबून राहावे लागते आणि खरी कसोटी सुरू होते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते. ते मुळाच्या टोकाची वाढ खुंटविते; मुळे आखूड, जाड व तपकिरी होतात. स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाऊन पिकास दुर्मिळ होते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणूही मंदावतात.

हा भेद घरी पाहता येतो. चार बशांत ओला टीपकागद घालून प्रत्येकीत वीस मूग ठेवावेत. पहिलीस साधे पाणी द्यावे. इतर तिघींस सिरक्याचा एक भाग अनुक्रमे हजार, शंभर व दहा भाग पाण्यात मिसळून द्यावा. चार दिवसांनी रुजलेले दाणे मोजावेत आणि मुळांची लांबीही मोजावी. सर्वांत तीव्र मिश्रणात बी बहुधा रुजणारच नाही. मधल्या बशीत काही दाणे रुजूनही मुळे आखूड राहिलेली दिसतील. सिरक्यातील आम्लाचा स्वतःचाही दुष्परिणाम असतो, हे निष्कर्ष काढताना विसरू नये.

आता शेताकडे वळू. कोकणातील मुसळधार पावसाने जांभ्याच्या तांबड्या मातीतील चुना वाहून जातो व माती आम्ल बनते. तरीही तेथे भात पिकतो, कारण खाचरात पाणी साचले की हवा कोंडते, लोहाचे रासायनिक रूप पालटते आणि सामू उदासीनतेकडे सरकतो. पाणी ओसरून माती सुकली की आम्लता परतते. म्हणून भातावरून पुढील कडधान्याचा अंदाज बांधू नये.

याचे उलट टोक लखनौच्या परिसरात दिसते. तेथील ऊसर, म्हणजे आपल्याकडील चोपण, जमिनीत सोडियमचे आधिक्य असून सामू ८.५ च्या वर, कित्येकदा १० पर्यंत असतो. सिकंदर बागेतील राष्ट्रीय वनस्पती उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले. १९७८ पासून ते राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. या संस्थेने लखनौजवळील बंथरा येथे ऊसर जमिनीवर वनस्पती वाढविण्याचे दीर्घकाळ प्रयोग केले. अशा जमिनीस जिप्सम देतात. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि भरपूर पाण्याने तो निचरून जातो. कधी गंधकही देतात. जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. कोकणात जो विकार, तेच येथे औषध!

चुनखडी आणि जिप्सम दोन्ही पांढरी भुकटी, दोहोंत कॅल्शियम; पण चुनखडी आम्लता मारते, जिप्सम मारीत नाही. उलट ऊसर मातीत चुनखडी विरघळतच नाही. शेजाऱ्याचे पाहून भुकटी पसरणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा देणे होय. शेतात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र मिसळावी आणि तिचा नमुना तपासून घ्यावा. केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्यपत्रिकेत सामूचा आकडा दिलेला असतो. पेरणीपूर्वी तो वाचावा. कारण अंकुर फुटला एवढ्यावरून मुळाचे भवितव्य कळत नाही.