सर्व्हरची पायरी गाळू नका!

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना दोन प्रकारचे लोक भेटतात. एक ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’वाले, दुसरे थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणारे. दोघंही गोत्यात! पहिल्यांचे सिक्युरिटी अपडेट एक दिवस बंद होतात, दुसऱ्यांचा सर्व्हर मध्येच लटकतो.

उदाहरण डेबियनचं घेऊ. ११ म्हणजे बुल्सआय २०२१ साली आलं, १२ म्हणजे बुकवर्म २०२३ साली, १३ म्हणजे ट्रिक्सी २०२५ साली. ११ वरून सरळ १३ वर जाण्याची अधिकृत सोय नाही. आधी १२, मगच १३.

क्रम असा:

१. बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि तो परत उघडून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.

२. चालू व्हर्जन पूर्ण अपडेट करा. बाहेरच्या रिपॉझिटरी बंद ठेवा.

३. सोर्सेस लिस्टमध्ये नवं नाव टाका. १२ पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा झालाय, तोही जोडा.

४. काम ‘स्क्रीन’मध्ये करा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी अपग्रेड चालू राहील.

५. आधी साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. कोणती पॅकेजेस काढली जाणार, ती यादी वाचल्याशिवाय ‘येस’ दाबू नका.

६. रीबूट करून एकेक सर्व्हिस तपासा. पोस्टग्रेस १३ चा डेटा आपोआप १५ मध्ये जात नाही, तो वेगळा हलवावा लागतो. तोवर जुनं पॅकेज काढू नका.

आणि हो, सबमिशनच्या आठवड्यात हे अजिबात नको. त्या डिस्कवर अख्ख्या बॅचचे प्रोजेक्ट असतात!