जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

१. पाठाचा हेतू

आठ-दहा वर्षांचा एखादा डेस्कटॉप संगणक आज पुष्कळ प्राथमिक शाळांच्या कार्यालयात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात आढळतो. कोठे तो शासकीय योजनेतून आलेला असतो, कोठे गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला असतो. आरंभी त्याचे कौतुक होते. पुढे तो सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे घेऊ लागतो, माहिती भरताना मध्येच स्तब्ध होतो, आणि हळूहळू त्यावर कापड पडते. मग ‘संगणक बिघडला आहे’ असे सर्वजण धरून चालतात, माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या खासगी मोबाइलवर येते आणि मुलांच्या वाट्याचे यंत्र मुलांच्या हातून जाते.

वास्तविक मंद झालेला संगणक आणि बिघडलेला संगणक यांत मोठा भेद आहे. मंद झालेल्या संगणकाचे बहुतेक भाग सुस्थितीत असतात. एखाद-दुसरा भाग मागे पडलेला असतो. तो भाग कोणता हे ओळखून, शाळेस झेपेल एवढ्याच खर्चात तो कसा बदलावा, याचे विवेचन या पाठात केले आहे. त्यासाठी शिक्षकास तंत्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. आजाऱ्यास औषध देण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो, तेवढी सावधगिरी पुरे आहे.

२. वारणेचा अनुभव

यंत्रावर खर्च करण्यापूर्वी कामाचा विचार करावा, हे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रयोगावरून उत्तम रीतीने समजते. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती दूध, शिक्षण व ग्राहक भांडार यांचा मोठा संसार वाढला. याच परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहकार्याने कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडावयाची, अशी ती योजना होती. शेतीविषयक ज्ञान, बाजारभाव, शासकीय दाखले असे अनेक उपयोग त्यात योजिले होते.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांस संगणकाची गरज पडली ती मुख्यत्वे नेमक्या दोन-तीन गोष्टींसाठी: आपला ऊस किती भरला, खत किती उचलले आणि देणे-घेणे किती झाले. काही वर्षांनी संगणक जुने झाले आणि त्यांची देखभाल जड वाटू लागली. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधन संस्थेने सात गावांत एक प्रयोग केला. तीच माहिती साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने देण्याची व्यवस्था केली असता ती अल्प खर्चात मिळू शकते, असे आढळले. त्याचा वृत्तान्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून संगणक निरुपयोगी ठरतो असा अर्थ मात्र काढू नये. काम निश्चित केले म्हणजे साधन निश्चित होते, एवढाच याचा बोध आहे. म्हणून प्रथम एका कागदावर आपल्या संगणकाची कामे लिहून काढावी. यू-डायस प्लस, सरल व शालार्थ यांवरील माहिती भरणे, प्रश्नपत्रिका व पत्रे टंकलिखित करणे, दीक्षावरील पाठ मुलांस दाखविणे, मुलांना टंकलेखन व चित्रकला शिकविणे, एवढीच बहुधा ती यादी होईल. या कामांस अतिवेगवान संगणक लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर ती सहज करू शकतो. मग अडते कोठे?

३. निदान

संगणकाची रचना वर्गाच्या उपमेने समजावून घेता येईल. प्रोसेसर हा काम करणारा शिक्षक, रॅम हे त्याच्या समोरील मेज आणि हार्ड डिस्क हे भिंतीकडील कपाट. शिक्षक कितीही तत्पर असला तरी प्रत्येक कागदासाठी त्याला कपाटापर्यंत जावे लागले, तर तास संपून जातो. मेज लहान असेल तर या फेऱ्या आणखी वाढतात.

ज्या संगणकात विंडोज आहे, त्यावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. संगणक मंद चालला असतानाच तो उघडून सीपीयू, मेमरी व डिस्क या तीन स्तंभांतील टक्केवारी पाहावी. डिस्क शंभराजवळ आणि इतर दोन स्तंभ मोकळे असतील, तर दोष डिस्कचा समजावा. डिस्क व मेमरी हे दोन्ही स्तंभ भरलेले असतील, तर रॅम अपुरी आहे. कारण मेजावर जागा संपली की संगणक डिस्कचाच कच्च्या वहीसारखा उपयोग करतो. केवळ सीपीयू सतत भरलेला असेल, तर आत धूळ साचून प्रोसेसर तापतो आहे काय आणि एखादा अनावश्यक प्रोग्राम पाठीमागे चालू आहे काय, हे आधी पाहावे.

आणखी एक लहान दोष वारंवार आढळतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की दिनांक मागे जातो आणि संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडत नाहीत. येथे इंटरनेटचा दोष नसतो. मदरबोर्डवरील रुपयाएवढी गोल बॅटरी संपलेली असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती किरकोळ किमतीत मिळते व काही मिनिटांत बदलता येते.

४. हार्ड डिस्क बदलण्याचा लाभ

जुन्या संगणकातील हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. ती मिनिटास ७,२०० फेरे घेते असे धरू. म्हणजे सेकंदास १२० फेरे; एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती नोंद सुईखाली येण्यास सरासरीने अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ जातो. सुई योग्य जागी सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. दोन्ही मिळून साडेबारा मिलिसेकंद धरले, तर अशी डिस्क एका सेकंदात विखुरलेल्या केवळ ८० नोंदी शोधू शकते. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. दहा मिनिटांचा विलंब येथून उद्भवतो.

एसएसडी या साठवणसाधनात फिरणारा भागच नसतो. नोंद शोधण्यास त्याला सुमारे एक दशांश मिलिसेकंद पुरतो. म्हणून जुन्या संगणकात एकच बदल करण्याची ऐपत असेल, तर तो हाच करावा. मदरबोर्ड जुना असून त्याची साटा जोडणी कमी वेगाची असली, तरी शोधण्याचा वेळ वाचतो आणि खरा लाभ तोच आहे. खरेदी करताना अडीच इंची साटा एसएसडी मागावी; पट्टीसारखी दिसणारी एम-टू एसएसडी बहुतेक जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. शाळेच्या कामास २४० किंवा २५६ जीबी पुरेसे होतात.

५. रॅम

प्रथम आहे ती रॅम स्वच्छ करावी. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा कोरड्या खोडरबराने हलकेच घासाव्या व कण झटकून ती परत बसवावी. न सुरू होणारे कित्येक संगणक एवढ्यानेच सुरू होतात. त्यानंतरही मेमरी कमी पडत असेल, तर ४ जीबी किमान आणि ८ जीबी समाधानकारक समजावी. डीडीआर-थ्री व डीडीआर-फोर या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या ठिकाणी असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. सबब जुनी पट्टी दुकानात बरोबर न्यावी. डीडीआर-थ्री वापरलेली घेण्यास हरकत नाही, मात्र ती बसवून, संगणकाने पूर्ण क्षमता दाखविल्यावरच पैसे द्यावे. ३२ बिटांची प्रणाली ४ जीबीहून अधिक रॅमचा सामान्यतः उपयोग करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

६. कोणती प्रणाली घालावी?

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व ठरावीक प्रोसेसर आवश्यक असल्याने २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या नियमात बसत नाहीत. अनधिकृत प्रत घालणे हा यावरील मार्ग नव्हे. ते नियमबाह्य आहे, शिवाय त्यातून विषाणू येण्याचा धोका असतो.

मोफत प्रणालींपैकी सी-डॅक या आपल्या देशातील संस्थेने तयार केलेली बॉस आणि सर्वत्र प्रचलित असलेली लिनक्स मिंट यांचा विचार करावा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून, संगणकातील काहीही न पुसता, आधी पाहता येते. या चाचणीत तीन गोष्टी अवश्य तपासाव्या: प्रिंटर चालतो काय, शासकीय संकेतस्थळे उघडतात काय आणि मराठी टंकलेखन होते काय. युनिकोडमधील मराठी सर्वत्र नीट दिसते. पूर्वी विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर मात्र तो फॉन्ट नसल्यास अगम्य चिन्हांसारखा दिसतो. असे दस्तऐवज आधीच पीडीएफ करून ठेवावे.

७. कृतीचा क्रम

(अ) सर्वांत आधी शाळेच्या माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्या आणि त्यांतील फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर इतर सर्व कामे थांबवून हे काम त्याच दिवशी करावे.

(आ) वीजजोडणी काढून सुरू करण्याचे बटन काही क्षण दाबून धरावे. झाकण उघडल्यावर आतील धातूच्या चौकटीस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाईल. मुलांस दाखवावयाचे असल्यास ती बाजूस उभी राहतील, अशी व्यवस्था करावी. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. तिच्यात वीज काढल्यावरही भार शिल्लक राहतो.

(इ) मऊ, कोरड्या ब्रशाने पंखे व जाळ्या स्वच्छ कराव्या. मागील रिकाम्या खाचा झाकाव्या. पाली व झुरळे तेथूनच आत शिरतात.

(ई) एसएसडी बसवावी. तिच्यात हलणारा भाग नसल्याने स्वतंत्र चौकट नसली तरी चालते; ती पक्की चिकटवली म्हणजे झाले. नंतर रॅम बसवावी, प्रणाली घालावी आणि माहिती परत आणावी.

(उ) शाळेच्या विजेस अर्थिंग आहे काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. पावसाळ्यात दमटपणाचा उपसर्ग होऊ नये म्हणून सुटीतही आठवड्यातून एकदा तरी संगणक तासभर चालू ठेवावा.

८. हिशेब व जबाबदारी

भाव सतत बदलतात. विशेषतः २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले. म्हणून तीन ठिकाणची दरपत्रके घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करावा आणि पावती शाळेच्या नावे घ्यावी. नवीन भागांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत व्हावी. शिक्षकाने पदरमोड करून खर्च उरकणे वरवर सोपे वाटते. परंतु त्यामुळे वस्तू कोणाची हा प्रश्न उरतो आणि गावाचा यंत्राशी संबंध तुटतो.

काढलेल्या हार्ड डिस्कविषयी विशेष दक्षता हवी. तिच्यात मुलांची नावे, जन्मदिनांक, आधार क्रमांक व पालकांचे बँक खाते असू शकते. ती भंगारवाल्याकडे जाऊ देणे म्हणजे शाळेचे कपाट उघडे टाकून जाण्यासारखे आहे. ती चिठ्ठी लावून कुलुपात ठेवावी. निर्लेखनाच्या वेळी आधी तिच्यातील माहिती पूर्णपणे पुसावी आणि मग अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी.

९. केव्हा थांबावे?

प्रत्येक जुना संगणक वाचविण्याजोगा असतोच असे नाही. मदरबोर्डवरील नळकांड्यासारखे कपॅसिटर फुगलेले असतील, प्रोसेसर ६४ बिटांचा नसेल किंवा बोर्डावर ४ जीबी रॅमही बसत नसेल, तर त्यावर पैसा घालू नये. एकूण खर्च नवीन संगणकाच्या किमतीच्या तृतीयांशाहून अधिक होऊ लागला, तरीही थांबावे. अशा वेळी मोठ्या कार्यालयांतून निघालेला, तपासून हमीसह विकला जाणारा संगणक अधिक किफायतशीर ठरतो. प्रोसेसर बदलणे, स्वतंत्र ग्राफिक कार्ड घेणे किंवा शोभेची पेटी घेणे यांचा शाळेच्या कामास उपयोग नाही.

१०. वर्गातील उपयोग व स्वाध्याय

दुरुस्तीचे हे काम उच्च प्राथमिक वर्गास उत्तम पाठ होऊ शकते. काढलेल्या भागांना नावांच्या चिठ्ठ्या लावून ते मांडावे. डिस्कच्या फेऱ्यांचे वरील गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा अर्ध्या फेऱ्याचा वेळ काढण्यास सांगावे. बदलापूर्वी व बदलानंतर संगणक सुरू होण्यास लागलेला वेळ मुलांनीच घड्याळ लावून मोजावा व फळ्यावर लिहावा. मापनाचा धडा याहून जिवंत कसा असणार?

पुढील शिक्षण परिषदेत केंद्रातील शिक्षकांनी या मुद्द्यांवर चर्चा करावी:

१. आपल्या शाळेतील संगणकाची प्रत्यक्ष कामे कोणती? त्यांपैकी मोबाइलवर कोणती होऊ शकतात व कोणती होऊ नयेत?

२. टास्क मॅनेजरमध्ये कोणता स्तंभ भरलेला आढळला? त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?

३. शाळेच्या माहितीच्या दोन प्रती कोठे आहेत? त्या शेवटच्या कधी उघडून पाहिल्या?

४. केंद्रातील शाळांनी एसएसडी एकत्रित खरेदी केल्यास किती बचत होईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्याखेरीज चौथ्याकडे वळू नये. काय करावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती जुने यंत्रही पुष्कळ दिवस काम देते.