मुखभाग आणि स्वर : नागस्वर व युफोनियम

फुंकून वाजवावयाच्या वाद्याकडे पाहताना आपले लक्ष सामान्यतः त्याच्या लांब नळीकडे आणि कर्ण्यासारख्या रुंद तोंडाकडे जाते. वादकाच्या ओठांशी असणारा भाग आकाराने लहान असतो. शिवाय तो काढता-घालता येतो. त्यामुळे नळी हेच खरे वाद्य आणि मुखभाग हे तिचे एक उपांग, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. वाद्याचा षड्ज कोठे लागेल, त्या षड्जाशी पंचमाचे व तार षड्जाचे नाते बिनचूक राहील की नाही, आणि ते नाते राखण्यासाठी वादकाला किती श्रम पडतील, या तिन्ही गोष्टी मुखभागावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. प्रस्तुत प्रकरणात या संबंधाचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाद्य सुरात मिळविणे ही एक गोष्ट. वाद्यातील स्वर परस्परांशी जुळणे ही दुसरी. पहिली गोष्ट नळी किंचित पुढेमागे सरकवून साधता येते. दुसरी तशी साधत नाही. किंबहुना पहिली साधण्याच्या खटपटीत दुसरी बिघडण्याचा संभव असतो.

चेन्नईतील दोन परंपरा

या विचारासाठी चेन्नई हे शहर (१९९६ पर्यंत मद्रास) विशेष सोयीचे आहे, कारण तेथे दोन अगदी भिन्न कुळांतील सुषिर वाद्ये शेजारी-शेजारी नांदतात. मयिलापूरच्या कपालीश्वर मंदिरात पंगुणी महिन्यातील उत्सवाच्या मिरवणुकीपुढे तविलाच्या साथीने नागस्वर वाजत असते. त्याच शहरात सैनिकी व पोलिसी संचलनांच्या वेळी पितळी वाद्यांचे बँड वाजतात, आणि त्यांत मंद्र-मध्य सप्तकांचा भरदार स्वर देणारे युफोनियम असते.

मराठी वाचकाला या दोन्ही परंपरांचा एक धागा जवळचा वाटेल. नागस्वर ज्या कावेरीच्या खोऱ्यात घडले व वाढले, त्याच प्रदेशात तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. आणि दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. देवळातील नागस्वर व दरबारातील पितळी वाद्ये एकाच नगरीत ऐकू येत असत.

नागस्वराची रचना

नागस्वर हे आपल्या सनईचे दाक्षिणात्य भावंड असले, तरी ते लांबीने बरेच मोठे व आवाजाने अधिक प्रखर असते. त्याची मुख्य नळी पारंपरिक पद्धतीप्रमाणे आच्चा या झाडाच्या लाकडाची करतात. हे झाड म्हणजे आपल्याकडील अंजन. कुंभकोणम्‌जवळील नरसिंगम्‌पेट्टै हे गाव या वाद्याच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असून तेथील नागस्वराला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुनी घरे पाडताना निघालेले, वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड तेथील कारागीर पसंत करतात.

नळीची पोकळी शंकूसारखी, वर अरुंद व खाली रुंद होत जाणारी असते. तिला एकंदर बारा छिद्रे असतात. त्यांपैकी सात बोटांसाठी. उरलेली पाच खालच्या भागात असून ती मेणाने कमी-अधिक बुजवून स्वर जुळविता येतो. नळीच्या वरच्या टोकात केंडै नावाची लहान धातूची नळी बसवितात, आणि केंडैवर सीवाळी, म्हणजे दुहेरी पत्ती. ही पत्ती एका जातीच्या बोरूपासून करतात. तिरुवावडुदुरै हे गाव सीवाळीच्या कारागिरीसाठी नावाजलेले आहे. वादकाजवळ नेहमी एकापेक्षा अधिक सीवाळ्या असतात. त्या व पत्तीचे तोंड साफ करण्याची सुई वाद्यालाच दोऱ्याने बांधून लोंबत ठेवलेल्या दिसतात. प्रेक्षकांना तो अलंकार वाटतो. वस्तुतः ती वादकाची हत्यारपेटी होय.

शंकूचे हरवलेले टोक

एवढ्या सीवाळ्या कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर ध्वनिशास्त्रात आहे. पूर्ण शंकूच्या आकाराच्या हवास्तंभातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटींत असतात. म्हणून फुंक वाढवून वरच्या सप्तकात गेले असता तोच स्वर बिनचूक दुप्पट उंचीवर मिळावा. परंतु पूर्ण शंकू वाजविता येत नाही. फुंकण्यासाठी त्याचे टोक कापून टाकावे लागते. कापलेल्या टोकाबरोबर जी पोकळी गेली, तिची भरपाई केंडै व सीवाळी यांच्या पोकळीने करावयाची असते. ही भरपाई नेमकी झाली, तर सप्तके जुळतात. सीवाळीची पोकळी प्रमाणाबाहेर मोठी असेल, तर सर्वच स्वर उतरतात, पण वरचे स्वर अधिक उतरतात आणि सप्तक आखडते. पोकळी फार लहान असेल, तर याच्या उलट घडते.

येथे पत्तीचा मऊपणाही लक्षात घ्यावा लागतो. मऊ पत्ती हवेच्या दाबाने अधिक दबते व उघडते, त्यामुळे ती आपल्या प्रत्यक्ष आकारापेक्षा मोठ्या पोकळीसारखी वागते. म्हणून मऊ सीवाळीचा सूर उतरता आणि कडक सीवाळीचा चढता लागतो. एकाच मापाच्या दोन सीवाळ्या एकाच वाद्यावर निरनिराळ्या वाजतात, याचे हे कारण आहे.

सूर चढा लागला, तर मुखभाग थोडा बाहेर ओढावा, असा सोपा उपाय पुष्कळांना सुचतो. तो कितपत उपयोगी आहे, हे एका हिशेबाने पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. षड्जासाठी हवास्तंभाची लांबी ६० सेंमी. असेल, तर पंचमासाठी ती ४० सेंमी. असेल. मुखभाग १ सेंमी. बाहेर ओढला की या लांब्या ६१ व ४१ होतात. अर्धस्वराचे शंभर सारखे भाग कल्पून त्या एका भागास ‘सेंट’ म्हणतात. या मापाने षड्ज सुमारे २९ सेंट उतरला, परंतु पंचम सुमारे ४३ सेंट उतरला. म्हणजे षड्ज तंबोऱ्याशी मिळाला, तरी पंचम १४ सेंट उतरलेला राहिला. षड्ज काळी दोनचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३११ कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या शुद्ध पंचमाशी या पंचमाची सेकंदाला जवळजवळ चार आंदोलने ऐकू येतील. तयार कानाला ती खटकल्याशिवाय राहणार नाहीत.

तिमिरीकडून बारीकडे

जोवर नागस्वर प्रामुख्याने देवळात व मिरवणुकीत वाजत होते, तोवर हा प्रश्न मर्यादित होता. त्या वेळी उंच स्वराचे, आखूड असे तिमिरी नागस्वर प्रचारात होते. सोबतीला ओत्तु हे केवळ षड्ज धरून ठेवणारे वाद्य असे. आपल्याकडे सनईबरोबर सूर धरतात, तसेच. तिमिरीवर शुद्ध मध्यम सहजासहजी निघत नसे. ओठांचा व फुंकेचा ताबा वापरून तो काढावा लागे.

विसाव्या शतकात मद्रासच्या संगीत सभांच्या व्यासपीठावर हे वाद्य प्रतिष्ठेने आले, त्याचे मोठे श्रेय टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८ ते १९५६) यांना दिले जाते. त्यांनी ओत्तुऐवजी तंबोऱ्याचा सूर स्वीकारला आणि लांब, खालच्या स्वराचे बारी नागस्वर रूढ केले. नरसिंगम्‌पेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांनी शुद्ध मध्यम नीट देणारे बारी नागस्वर घडविले, तेही त्यांच्यासाठीच. मात्र नळी लांब झाली की जुन्या केंडै-सीवाळीने भागत नाही. मुखभागाची पोकळी व पत्तीचे माप नव्या नळीला साजेसे ठेवावे लागते.

वादक कुशल असेल, तर तो मुखभागातील दोष ओठांनी झाकू शकतो. गमकप्रधान संगीतात स्वर सतत हलता ठेवावयाचा असल्यामुळे हे कौशल्य त्याच्या अंगी असतेच. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. मिरवणूक तासन्‌तास चालते. प्रत्येक पंचम ओठांनी वर उचलावा लागत असेल, तर ओठ थकतात, आणि थकलेल्या ओठांतून सूर उतरू लागतो. म्हणून सीवाळीची योग्य निवड ही केवळ श्रोत्याच्या सुखाची बाब नसून वादकाच्या शरीराची व उपजीविकेची बाब आहे.

युफोनियमचा माउथपीस

युफोनियममध्ये पत्ती नसते. वादकाचे ओठच पत्तीचे काम करतात. माउथपीसचे चार भाग लक्षात ठेवावेत : ओठ टेकावयाची कड, तिच्या आतील वाटी, वाटीच्या तळाचे अरुंद छिद्र आणि वाद्यात बसणारा दांडा. तत्त्व मात्र नागस्वराचेच आहे. सुमारे नऊ फूट नळीच्या या वाद्यात वाटीची छोटीशी पोकळी काही लांबीच्या ऐवजी काम करते, आणि ही लांबी सर्व स्वरांना सारखी नसते. खालच्या स्वरांना वाटी तिच्या पोकळीएवढ्या साध्या नळीसारखी भासते. वरच्या स्वरांना ती अधिक लांब भासते. वाटीला स्वतःचा एक सूर असतो. माउथपीसच्या कडेवर तळहात आपटला असता जो ‘टप्’ असा आवाज येतो, तो हाच. वादनातील स्वर या सुराच्या जितका जवळ येतो, तितका वाटीचा प्रभाव वाढतो. म्हणून खोल वाटीने आवाज भरदार होतो, पण वरचे स्वर तुलनेने उतरतात. उथळ वाटीने ते चढतात.

दांड्याची जाडी हा दुसरा मुद्दा. युफोनियमचे दांडे लहान, मध्यम व मोठा अशा तीन मापांचे आढळतात. बारीक दांडा मोठ्या तोंडात सैल बसतो व फार आत जातो. जाड दांडा पुरेसा आत जात नाही, त्यामुळे नळी लांबल्यासारखी होऊन सूर उतरतो. वाद्य एका कारखान्याचे व माउथपीस दुसऱ्याचा असल्यास ही तपासणी प्रथम करावी.

सुराची मुख्य सरकनळी ओढून सर्व स्वर खाली आणता येतात. पण त्यामुळे पडद्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, नळ्या प्रमाणात तोकड्या पडतात व त्यांचे स्वर चढे लागतात. अनेक व्हॉल्व्ह एकदम दाबले असता येणारा असाच दोष दूर करण्यासाठी डेव्हिड ब्लेक्ली यांनी १८७४ मध्ये भरपाईच्या नळ्यांची योजना केली. ब्रिटिश सैनिकी बँड १९२० च्या दशकापर्यंत मध्य सप्तकातील ‘ए’ सुमारे ४५२ कंपनांचा धरीत; आज तो ४४० चा धरतात. हे अंतर सुमारे ४७ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचे आहे. त्या काळचे वाद्य मोठ्या वाटीचा माउथपीस लावून आजच्या सुरात आणण्याचा प्रयत्न केल्यास षड्ज कदाचित मिळेल, स्वरांचे नाते मात्र मोडेल.

येथे भारतीय श्रोत्याने एक गंमत ध्यानात घ्यावी. नैसर्गिक स्वरमालिकेतील पाचवा स्वर समविभाजित सप्तकाच्या मानाने १४ सेंट खाली असतो. बँडमास्तर त्याला उतरलेला म्हणतो. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार मात्र तोच होय. कोणता स्वर शुद्ध मानावयाचा, हे ठरविल्यावाचून माउथपीसला दोष देता येत नाही.

हवामानाचा परिणाम

तापमान वाढले की हवेतील ध्वनीचा वेग वाढतो व सूर चढतो. डिसेंबरच्या संगीतोत्सवातील २५ अंशांची संध्याकाळ आणि मे महिन्यातील ३८ अंशांची दुपार यांत हिशेबाने सुमारे ३७ सेंटांचा फरक पडतो. फुंकेमुळे नळीतील हवा आधीच तापलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक याहून कमी भरतो. तरी तो जाणवतो. सीवाळीवर कोरडेपणाचाही परिणाम होतो. वातानुकूलित सभागृहात ती लवकर सुकते व कडक होते. एका ठिकाणी उत्तम वाजलेली सीवाळी दुसरीकडे चढी लागली, तर दोष नळीचा समजून छिद्रे कोरण्याची घाई करू नये.

निवडीची रीत

विद्यार्थ्याने मुखभाग निवडताना पुढील क्रम पाळावा. प्रथम मुखभाग वाद्यात योग्य खोलीपर्यंत घट्ट बसतो की नाही, हे पाहावे. दहा मिनिटे वाजवून वाद्य तापू द्यावे. सीवाळी असल्यास ती नीट भिजू द्यावी. मग तंबोरा किंवा श्रुतिपेटी सुरू करून षड्ज जुळवावा, व त्यानंतर नळी हलवू नये. मध्यम, पंचम व तार षड्ज क्रमाने, ओठांनी न सुधारता, सहज येतील तसे वाजवावेत. दुसऱ्या कोणी ऐकून ते चढे की उतरते याची नोंद करावी. वादकाचा कान नकळत ओठांना दुरुस्ती करावयास लावतो, म्हणून स्वतःची साक्ष येथे पुरेशी नाही. तीच परीक्षा दुसऱ्या दिवशी व थकल्यावर पुन्हा घ्यावी. सर्वच स्वर सारख्या प्रमाणात चढे असतील, तर नळी सरकवावी. वरचेच स्वर चुकत असतील, तर मुखभाग बदलावा. एखादाच स्वर चुकत असेल, तर नळी, छिद्र किंवा व्हॉल्व्ह तपासावे.

गुरूचा अथवा नामांकित वादकाचा मुखभाग जसाच्या तसा घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. परंतु तो मुखभाग त्या वादकाच्या ओठांना व त्याच्या नळीला जुळलेला असतो. नळी, मुखभाग व ओठ हे तिघे मिळून एक वाद्य होते. त्यांतील एकाची निवड उरलेल्या दोघांना विचारूनच केली पाहिजे.