भंगलेले देऊळ

पुणे जिल्ह्यात इंद्रायणी नदीच्या काठी देहू नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे बोल्होबा नावाचे सधन गृहस्थ राहत असत. त्यांच्या घरी शेती होती, दुकान होते, सावकारी होती आणि गावच्या पेठेची महाजनकीही होती. परंतु या सर्वांहून त्या घराला मोठी वाटे ती विठ्ठलाची उपासना. देवाची पूजा व पंढरीची वारी त्यांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. याच घरात संत तुकारामांचा जन्म झाला.

थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्यामुळे संसाराचा भार लहान वयातच तुकोबांवर पडला. थोड्याच काळात आईवडील निवर्तले. पत्नीच्या मृत्यूनंतर सावजीही तीर्थयात्रेस निघून गेले. तरी तुकोबा घर सांभाळून होते. अशात इ. स. १६३० साल उजाडले.

त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. दुष्काळाची झळ १६३२ पर्यंत पुरली. विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे गाव सोडून परागंदा झाली. जेथे लोकांना खायला अन्न नाही, तेथे सावकाराचे कर्ज कोण फेडणार? तुकोबांचे दुकान बसले, पैसा गेला आणि पैशाबरोबर गावातला मानही गेला. त्यांची प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून मरण पावली. लहानगा मुलगाही गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. घरच्या माणसाला दोन घास देता आले नाहीत, याची लाज व दुःख तुकोबांनी पुढे आपल्या एका अभंगात उघडपणे सांगितले आहे.

मुलांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या देवाची पूजा आजा-पणजांपासून केली, त्याच्याच भक्तावर ही वेळ आली! अशा प्रसंगी एखादा देवाकडे पाठ फिरवील, एखादा कपाळाला हात लावून बसेल. तुकोबांनी काय केले?

त्यांची दृष्टी गेली ती गावातल्या विठ्ठलमंदिराकडे. घर मोडले होते, व्यापार बुडाला होता आणि देऊळही भंगले होते. तुकोबांनी ते देऊळ नीट करण्याचे मनावर घेतले. जवळ द्रव्य नव्हते. पण हात होते. स्वतः अंगमेहनत करून त्यांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. दुष्काळ संपवणे त्यांच्या हाती नव्हते, गेलेली माणसे परत आणणे हाती नव्हते. देवळाची पडलेली भिंत उभारणे मात्र हाती होते.

देवळात एकादशीला कीर्तन होऊ लागले. आरंभी अभ्यासात आपले चित्त लागत नसे, असे तुकोबा प्रांजळपणे सांगतात. म्हणून त्यांनी संतांची वचने आदराने पाठ केली. कोणी पुढे उभे राहून गाऊ लागले, की ते मागे उभे राहून धृपद धरीत. ज्यांचे अभंग पुढे अवघा महाराष्ट्र गाणार होता, त्यांनी प्रथम दुसऱ्याच्या मागे उभे राहण्यात कमीपणा मानला नाही.

तुकोबांच्या घरी कर्जखते होती. ज्यांनी ती लिहून दिली होती, तेही दुष्काळाने नागवले गेले होते. त्या कर्जखतांची एक कथा सांगतात. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांना दिला. कारण भावाच्या हक्कावर पाणी सोडण्याचा आपणांस अधिकार नाही, हे ते जाणून होते. आपल्या वाट्याची खते मात्र त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. स्वतः उपाशी असतानाही दुसऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास त्यांनी सोडवला.

पुढे आणखी एक आघात झाला. शूद्र जातीच्या माणसाने धर्माचा अर्थ सांगू नये, असा आक्षेप त्या काळी घेण्यात आला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा देवाच्या दारी धरणे धरून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वह्या बुडाल्या आणि आपण देवाच्या दारी बसलो, हे तुकोबांनीच अभंगात सांगितले आहे. त्या प्रसंगीही ते दुसऱ्या कोणाच्या दारी गेले नाहीत.

तुकोबा देवाजवळ कधी कुरकुरले नाहीत, असे मात्र समजू नका. त्यांच्या अभंगांत ते विठ्ठलावर रुसतात, त्याला बोल लावतात, त्याच्याशी भांडतात. पण भांडतात तेही त्याच्याच पायाशी बसून. देव आपले प्रत्येक संकट टाळील, असा त्यांच्या भरवशाचा अर्थ नव्हता. संकट टळले नाही, तरी देवाची सेवा आणि माणसाशी सचोटी सोडायची नाही, असा तो भरवसा होता.

आजही ज्येष्ठ महिन्यात देहूहून तुकोबांची पालखी पंढरपुरास निघते. पुढे कोणी अभंगाचे चरण गातो आणि मागून शेकडो कंठ धृपद धरतात. तुकोबाही एके काळी असेच मागे उभे होते. घरात अन्न नव्हते, पण हाती टाळ होता.

स्वाध्याय

१. दुष्काळामुळे तुकोबांच्या घरावर कोणकोणती संकटे आली?
२. तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे का केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
३. ‘जवळ द्रव्य नव्हते, पण हात होते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : कपाळाला हात लावणे, पाठ फिरवणे, मनावर घेणे.
५. आपल्या गावातील एखाद्या जुन्या देवळाची अथवा वास्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.