थंडीच्या लाटेत ओल्या जमिनीचा आधार

हिवाळ्यात आकाश निरभ्र असले आणि वारा पडला, की पहाटे पारा झपाट्याने उतरतो. निफाड परिसरात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेले आहे. अशा एकाच रात्री वर्षाच्या मेहनतीची हानी होऊ शकते. म्हणून बागेस विहिरीचे पाणी द्यावे, असा सल्ला दिला जातो. पाण्याने गारठा उलट वाढणार नाही काय, अशी शंका पुष्कळ शेतकरी बंधू घेतात. तिचे उत्तर पदार्थांच्या विशिष्ट उष्णतेत आहे.

विशिष्ट उष्णता म्हणजे काय?

एक किलो पदार्थाचे तापमान १ अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता, ती त्या पदार्थाची विशिष्ट उष्णता होय. पाण्यास १ किलोकॅलरी लागते. कोरड्या मातीस सुमारे ०.२, तर लोखंडास सुमारे ०.११ पुरते. जो पदार्थ तापताना अधिक उष्णता घेतो, तो निवताना तितकीच परत देतो. म्हणून पाणी सावकाश तापते व सावकाश निवते.

जमिनीत काय घडते?

एक लिटर आकारमानाची कोरडी माती सुमारे १.३ किलो भरते. तिला १ अंश तापविण्यास सुमारे ०.२६ किलोकॅलरी लागते. तीत पाव लिटर पाणी मुरले, की हा आकडा ०.५१ वर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर जातो. शिवाय कोरड्या मातीच्या पोकळीतील हवा उष्णता वाहू देत नाही. ओलाव्यामुळे खालच्या थरातील ऊब वर येते.

विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, हा आणखी एक लाभ. एक एकरात २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी दिले व ते १० अंशांनी निवले, तर सुमारे १० लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेसाठी अडीचशे किलोंच्या आसपास वाळलेले लाकूड जाळावे लागेल.

काय करावे?

१. थंडीच्या लाटेची सूचना मिळताच जमीन कोरडी असल्यास हलके पाणी द्यावे. दिवसा ओली जमीन उन्हाची उष्णता साठविते.

२. त्या सुमारास कोळपणी वा नांगरट करू नये. भुसभुशीत मातीत हवा शिरते व उष्णता कमी साठते.

३. पाणी जमिनीस द्यावे, पानांवर शिंपडू नये. पानांवरील पाणी वाळताना गारवा वाढतो.

४. ठिबकाने थोडीच जमीन भिजते. म्हणून लाभही बेताचा होतो.

५. वाफसा नसलेल्या भारी जमिनीत पाणी साचवू नये. मुळांना हवा मिळत नाही.

कार्यकर्त्यांनी गावात हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. शेजारच्या दोन वाफ्यांपैकी एक आदल्या दिवशी भिजवावा, दुसरा कोरडा ठेवावा. दोहोंत सारख्या उंचीवर तापमापक लावून पहाटे शेतकऱ्यांसमक्ष वाचावेत. फरक थोड्याच अंशांचा असतो. परंतु कडाक्याच्या रात्री पीक वाचण्यास तेवढाही कधी कधी पुरतो.