घटक ३ : उत्कंठेचा भाग आणि प्रेक्षकांची चर्चा

३.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• रहस्य आणि उत्कंठा यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• गुन्हेविषयक मालिकेच्या एखाद्या भागावर चाललेल्या गप्पांमधील समीक्षेची अंगे ओळखता येतील.
• खऱ्या गुन्ह्यावर आधारित कलाकृतीकडे पाहताना कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवता येईल.
• ऐकलेल्या बोलीतील चर्चेचे प्रमाण मराठीत विश्लेषण लिहिता येईल.

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कथानक, पात्रे आणि निवेदन या संकल्पनांचा परिचय करून घेतला. त्या वेळी आपल्यासमोर छापील कथा होती. या घटकात आपण दूरचित्रवाणीवरील मालिकेकडे वळणार आहोत आणि तिच्याइतकेच तिच्या प्रेक्षकाकडेही पाहणार आहोत.

एखादा उत्कंठेचा भाग संपला की घराघरांत बोलणे सुरू होते. पुढे काय होणार, कोण सापडणार, कोणाचे काय चुकले, यावर वाद होतात. अशा गप्पांना आपण सहसा ‘वेळ घालवणे’ म्हणतो आणि समीक्षा हा शब्द पुस्तकांसाठी राखून ठेवतो. या घटकाचे प्रतिपादन वेगळे आहे. आस्वाद, विश्लेषण आणि मूल्यमापन या समीक्षेच्या तिन्ही पायऱ्या त्या बोलण्यात असतात; त्या ओळखून नीट मांडणे एवढेच अभ्यासकाचे काम उरते. आपण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकता. म्हणूनच हे ध्यानात घ्या, की जगण्यातून मिळालेले आपले ज्ञानही समीक्षेचे साधन असते.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ मराठी प्रेक्षक आणि गुन्हेकथा

गुन्हेकथेची मराठी वाचकाला जुनी ओळख आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे वाचनालयांतून घरोघरी पोहोचली. पुढे मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस तपासावरची मालिका आली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत शिवाजी साटम यांनी साकारलेला एसीपी प्रद्युम्न मराठी प्रेक्षकाला आपल्यातलाच वाटला. याच मालिकेने २००४ मध्ये सलग १११ मिनिटांचा एक भाग एकाच अखंड चित्रणात सादर केला. चित्रचौकट कोठेही तुटत नाही, त्यामुळे प्रेक्षकालाही श्वास घ्यायला जागा मिळत नाही. उत्कंठा कथेत असते तशीच ती सादरीकरणाच्या तंत्रातही असते, हे या उदाहरणावरून दिसते.

झी मराठी वाहिनीवर २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आणि ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात ‘देवमाणूस’ प्रक्षेपित झाली. पहिलीत कोकणातील एका कुटुंबात घडणाऱ्या अनाकलनीय घटनांमागे कोण आहे, हा प्रश्न प्रेक्षकाला शेवटपर्यंत सतावतो. दुसरीत प्रश्न बदलतो. किरण गायकवाड यांनी साकारलेला अजितकुमार हा गावाचा लाडका डॉक्टर मुळात कंपाउंडर आहे आणि खुनी आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त गावाला.

३.२.२ रहस्य आणि उत्कंठा

त्स्वेतान तोदोरोव या अभ्यासकाने १९६६ मध्ये असे मांडले, की रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते. दुसरी आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि पहिलीचा शोध घेते. ज्या मालिकेत ‘कोणी केले?’ हा प्रश्न असतो, तेथे प्रेक्षक तपास करणाऱ्याच्या सोबत मागे मागे जातो. हे रहस्य होय.

उत्कंठेची दिशा याउलट, पुढची असते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलाशी बोलत बसली आहेत आणि अचानक टेबलाखाली स्फोट होतो. प्रेक्षक काही क्षण दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर तेच कंटाळवाणे बोलणे असह्य होते. प्रेक्षकाला माहीत आहे, पात्रांना माहीत नाही. या अंतरातून ताण निर्माण होतो. ‘देवमाणूस’सारख्या मालिकेत रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा आपल्याला टेबलाखालचा बॉम्ब दिसत असतो.

आपल्या नाट्यशास्त्रालाही हा अनुभव अनोळखी नाही. भरताने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यांतील प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळेल अशी आशा आणि विघ्न येईल अशी भीती एकाच वेळी वाटणे. संस्कृत नाटक या अवस्थेतून पुढे सरकून फलागमापर्यंत पोहोचते. दैनंदिन मालिका मात्र प्रेक्षकाला महिनोन्‌महिने प्राप्त्याशेतच ठेवते, आणि शनिवारचा भाग तर नेमका तेथे थांबवते.

भाग थांबतो तेथे एक रिकामी जागा तयार होते. वोल्फगांग इझर या जर्मन अभ्यासकाच्या मते, संहितेतील अशा रिकाम्या जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो आणि त्यातूनच वाचन ही क्रिया घडते. मालिकेच्या बाबतीत ही जागा एकटा प्रेक्षक भरत नाही. शेजारी, घरचे, सहकारी मिळून ती भरतात. गप्पांना येथे सुरुवात होते.

३.२.३ चर्चेचा नमुना

अभ्यासासाठी आपण कोल्हापूरचा कसबा बावडा हा परिसर घेऊ. महापालिकेच्या हद्दीत असूनही याचे गावपण टिकून आहे. एकीकडे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, दुसरीकडे राजाराम सहकारी साखर कारखाना. राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थानही येथेच. शेतकरी, कामगार, नोकरदार आणि विद्यार्थी एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे एकाच भागाकडे पाहण्याच्या अनेक नजरा येथे सहज एकत्र येतात.

पुढील प्रसंग आणि संवाद अभ्यासासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही मालिकेतील विशिष्ट भागाचे वर्णन नाही. समजा, शनिवारचा भाग असा संपला आहे : बेपत्ता बाईची पिशवी हाती लागलेली एक स्त्री तोतया डॉक्टरच्या दवाखान्यात एकटीच येते. तो हसून तिला बसवतो, इंजेक्शन भरतो. इतक्यात फोन वाजतो. रविवारी सकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर बोलणे सुरू होते.

रिक्षावाले बापू : तात्या, काल बघितलासा न्हवं? आता सुटत न्हाई गडी. फोन पोलिसांचाच असणार.

तात्या (कारखान्यातून निवृत्त) : कशाचा पोलीस मर्दा! सोमवारी फोन उचलंल आणि म्हणंल, राँग नंबर. असलं लई बघितलंय.

महाविद्यालयात शिकणारी मुलगी : पण तात्या, ती बाई यायच्या आधी पण दोनदा फोन वाजला होता. त्यानं उचलला नाही. ते उगाच दाखवलं नसणार.

आक्का : फोनचं ऱ्हाऊ दे गं. ती पिशवी तिला घावली कशी, ते सांगा. त्यानं तर ती गेल्या आठवड्यात पुरलीया.

बापू : कुत्र्यानं उकरली आसंल की वो आक्का.

परिचारिका असलेल्या वहिनी : मला तर तो सुई भरतो तेच खटकलं. हवा काढली नाही, औषधाचं नाव बघितलं नाही. तो डॉक्टर नव्हेच, हे तिच्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

आक्का : तिच्या कसं यील ध्यानात? पांढरा कोट दिसला की आपुन हात म्होरं करतो.

तात्या : काय बी म्हणा, डोकं लई त्या गड्याचं! नाद न्हाई करायचा.

मुलगी : डोकं त्याचं, तात्या. जीव कुणाचा जातोय?

३.२.४ चर्चेचे विश्लेषण

वरवर पाहता ही नऊ संवादांची सकाळची गप्पा आहे. आता प्रत्येक बोलण्यामागचा विचार पाहू.

(अ) अंदाज : बापू पुढचे भाकीत करतात. त्यांची आशा आणि भीती दोन्ही त्यात आहेत. ही प्राप्त्याशेची अवस्था प्रेक्षकाच्या मुखातून व्यक्त झालेली आहे.

(आ) संकेतांचे ज्ञान : तात्यांना मालिका या प्रकाराचे नियम माहीत आहेत. शनिवारी वाढवलेला ताण सोमवारी कसा सोडवून टाकला जातो, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. साहित्यप्रकाराच्या संकेतांची ही जाण होय.

(इ) संहितेचे सूक्ष्म निरीक्षण : मुलीने आधीच्या दोन फोनची नोंद ठेवली आहे. लेखकाने आधी पेरलेली खूण नंतर उगवते, हे तिला उमगले आहे. समीक्षेत यालाच पूर्वसूचना म्हणतात.

(ई) संभवनीयता : आक्कांना कार्यकारणाची साखळी तुटलेली दिसते. पुरलेली पिशवी वर आली कशी? बापू ती फट कुत्र्याचे कारण देऊन बुजवतात. इझरची रिकामी जागा भरली जाते ती अशी. मात्र ही जागा लेखकाने हेतूने ठेवली आहे की ती त्याची ढिलाई आहे, हे ठरवणे समीक्षकाकडे उरते.

(उ) अनुभवाची कसोटी : वहिनींचे निरीक्षण केवळ त्यांनाच सुचू शकते. व्यवसायातून आलेले ज्ञान त्या कलाकृतीला लावतात. त्यांच्या मुद्द्याचे दोन अर्थ संभवतात : एक, दिग्दर्शनातील त्रुटी, दोन, पात्र तोतया असल्याची जाणीवपूर्वक दिलेली खूण. दोन्ही अर्थ मांडून त्यांतील एकाची निवड सकारण करणे, याला विश्लेषण म्हणतात.

(ऊ) सामाजिक अन्वय : आक्कांचे पांढऱ्या कोटाविषयीचे वाक्य या चर्चेचा मध्यबिंदू आहे. वहिनींनी दोष त्या स्त्रीच्या अनवधानाला दिला. आक्कांनी तो आपल्या सर्वांच्या सवयीकडे वळवला. ‘आपुन’ या एका सर्वनामाने प्रेक्षक कथेच्या बाहेर उरत नाही. बोलीतील एका शब्दाने केलेले हे काम लक्षात घ्या.

(ए) नैतिक मूल्यमापन : तात्या गुन्हेगाराच्या बुद्धीचे कौतुक करतात. मुलगी त्याच शब्दाला धरून प्रश्न फिरवते. तात्या खुनाचे समर्थन करत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कथानक ज्याच्या खांद्यावरून आपल्याला जग दाखवते, त्याच्याशी आपण नकळत जोडले जातो. तो पकडला जाऊ नये असेही क्षणभर वाटते. उत्कंठेचे हे बळ आहे आणि तिचा धोकाही हाच आहे.

३.२.५ खऱ्या गुन्ह्यावरची मालिका

हा धोका केव्हा गंभीर होतो? कथेमागे खरी माणसे असतात तेव्हा. सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात २०१६ मध्ये खुनांचे एक प्रकरण उघडकीस आले. पुरलेले मृतदेह सापडले आणि वैद्यकीय व्यवसायात वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली. ‘देवमाणूस’ची प्रेरणा म्हणून याच प्रकरणाकडे पाहिले गेले. कोल्हापूरहून वाई महामार्गाने काही तासांवर आहे. म्हणजे ज्या बोलीत आपण मालिकेवर गप्पा मारतो, जवळपास त्याच बोलीत कोणाच्या तरी घरी खरा शोक झालेला आहे.

काळाचाही विचार करा. ही मालिका करोना साथीच्या वर्षात पाहिली गेली. घराघरांत आजारपण होते आणि डॉक्टरांवरचा विश्वास हाच आधार होता. त्याच रात्री पडद्यावर तो विश्वास शस्त्र म्हणून वापरला जात होता. त्या भीतीत केवळ कथेचा भाग किती आणि प्रेक्षकाच्या स्वतःच्या दिवसाचा भाग किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

अशा कलाकृतीवर बोलताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. पहिला : बळी पडलेल्या व्यक्तीला कथेत नाव, इच्छा, घर आहे का, की ती केवळ पुढच्या भागाची सोय आहे? दुसरा : गुन्हा शक्य करणारी परिस्थिती, म्हणजे एकटेपणा, लोकलाज, अंधविश्वास, दाखवली आहे का, की सारे श्रेय खलनायकाच्या चातुर्याला दिले आहे? तिसरा : खरे प्रकरण आणि रचलेली कथा यांची आपण सरमिसळ करतो आहोत का? न्यायालयाचे काम पुराव्यावर चालते. पडद्यावर पाहिलेले दृश्य हा कोणाविरुद्धचा पुरावा नव्हे.

प्रेक्षकांच्या आग्रहालाही मर्यादा हवी. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला कथेत मारले, तेव्हा वाचक संतापले. १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले. तो नायक होता. आपला आग्रह एखाद्या खुन्याला पुन्हा पुन्हा जिवंत ठेवण्यासाठी असेल, तर आपल्याला नेमके काय हवे आहे, हे स्वतःला विचारले पाहिजे. कट्ट्यावरच्या त्या मुलीने तोच प्रश्न तात्यांना विचारला.

३.३ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. तोदोरोव यांच्या मते रहस्यकथेत कोणत्या दोन कथा असतात?
२. प्राप्त्याशा म्हणजे काय?
३. नमुना चर्चेत पूर्वसूचना कोणाच्या लक्षात आली?

३.४ सारांश

रहस्य प्रेक्षकाला मागे नेते, उत्कंठा पुढे ओढते. भाग थांबतो तेथे पडलेली रिकामी जागा प्रेक्षक चर्चेने भरतात. या चर्चेत अंदाज, संकेतांचे ज्ञान, सूक्ष्म निरीक्षण, संभवनीयतेची तपासणी, अनुभवाची कसोटी, सामाजिक अन्वय आणि नैतिक मूल्यमापन ही अंगे आढळतात. कथेमागे खरा गुन्हा असेल, तर शेवटच्या अंगाला सर्वाधिक महत्त्व येते. गुन्हेगार कसा सापडेल, यासोबत बळी कोण आणि का पडले, हे विचारणारा प्रेक्षक सुजाण होय.

३.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

१. रहस्यकथेत गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा अशा दोन कथा असतात.
२. फळ मिळेल ही आशा आणि विघ्न येईल ही भीती एकाच वेळी वाटणे म्हणजे प्राप्त्याशा.
३. पूर्वसूचना महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या लक्षात आली.

३.६ सरावासाठी स्वाध्याय

१. रहस्य आणि उत्कंठा यांतील फरक आपण पाहिलेल्या एका मालिकेच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘पांढरा कोट दिसला की आपुन हात म्होरं करतो’ या वाक्याचा भाषिक आणि सामाजिक अंगांनी विचार करा.

३.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी एखाद्या भागावर चाललेली चर्चा दहा मिनिटे ऐका. बोलणाऱ्यांची परवानगी घ्या, त्यांची नावे लिहू नका. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत नोंदवा. शुद्ध करण्याचा मोह टाळा. नंतर ३.२.४ मधील सात अंगांपैकी कोणती आढळली, ते प्रमाण मराठीत दोन पृष्ठांत लिहा. एखादे अंग आढळले नाही, तर ते का नसावे याचाही विचार करा. आणि चर्चेत बळी पडलेल्या व्यक्तीचा उल्लेख किती वेळा आला, ते आवर्जून मोजा.